जळगावच्या बहिणाबाई



बहिणाबाई चौधरी यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचे नाव दिले. पण त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. हे बाईंनी वर्गात सांगितले तेव्हा आम्हाला खरेच वाटेना.

त्यांचा जन्म १८८० साली नागपंचमीला असोदे गावी झाला. असोदे जळगावच्या जवळच आहे. वडिलांचे नाव उखाजी महाजन, आईचे नाव भिमाई. तीन भाऊ, तीन बहिणी असे भरलेले घर होते. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न जळगावच्या नथुजी चौधरी यांच्याशी झाले. (काही मुले संत बहिणाबाई आणि या एकच समजतात. संत बहिणाबाई तुकाराम महाराजांच्या शिष्या, त्या फार पूर्वी होऊन गेल्या.)

पुढे फार वाईट दिवस आले. नवरा लवकर वारला. पदरात ओंकार, सोपान आणि काशी अशी तीन लेकरे. प्लेगच्या साथीत ओंकारला कायमचे अपंगत्व आले. तरी त्यांनी शेतात राबून लेकरे वाढवली. रडत बसायला वेळच कुठे होता! आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बाया पण अशाच बोलतात.

काम करता करता त्या गाणी म्हणायच्या. आमच्याकडे जात्याला घरोट म्हणतात. त्या घरोटावर, पेरणीवर, मोटेवर, सुगरणीच्या खोप्यावर, आखाजीला माहेरी आलेल्या लेकींवर, सगळ्यांवर त्यांची गाणी आहेत. कुणी शिकवले नाही. दळताना हात फिरतो तसे तोंडातून शब्द यायचे. मला तर निबंधाच्या दहा ओळी सुचायला अर्धा तास लागतो.

पण गाणे म्हटले की ते हवेत जाते. मग आपल्यापर्यंत कसे आले? त्यांचा मुलगा सोपानदेव शिकला आणि मोठा कवी झाला. सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती गाणी ऐकून वहीत उतरवून ठेवली. जेवढी उतरवली तेवढीच राहिली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई जळगावला वारल्या. तेव्हा त्यांचे वय ७१ होते. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांना गाणी फार आवडली. त्यांची प्रस्तावना घेऊन १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. म्हणजे पुस्तक बहिणाबाईंनी पाहिलेच नाही. वाचता आले नसते, पण हातात तरी धरले असते, असे मला वाटते.

गाणी आपल्या लेवा बोलीत आहेत. तिच्यात ‘ळ’ च्या जागी ‘य’ येतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. सोपानदेवांनी हे शब्द शुद्ध करून टाकले नाहीत, ते फार बरे झाले. नाहीतर आईचा आवाज गेला असता.

हे वाचल्यावर मी आमच्या आजीला विचारले, तुला घरोटाची गाणी येतात का? ती म्हणाली, “बापू, आता गिरणी आली, कोण म्हनतं ती गानी.” आमचा घरोट खाटेखाली आहे, वर चिंध्यांचे गाठोडे. मग मी नुसताच हात गोल फिरवून दाखवला. आजी हसली आणि तिला एक आठवले. त्याच्यामागून दुसरे आले. मी लिहीपर्यंत ती पुढे जायची. परत म्हण म्हटले तर शब्द वेगळेच! दोन्ही लिहून ठेवले. बाई म्हणाल्या, दोन्ही बरोबर. आतापर्यंत वहीत ९ गाणी झाली आहेत. एक गाणे तिच्या आईचे आहे. त्याच्या दोनच ओळी तिला येतात, पुढच्या येत नाहीत. त्या जागी मी रेघ ओढून ठेवली आहे.

या लेखाच्या खाली एक कोरा कागद चिकटवला आहे. पालकांनी आपल्याला येणारे गाणे चौथीच्या कोणत्याही मुलाला सांगावे. आम्ही ते तुमच्या बोलीत जसेच्या तसे लिहू. दोऱ्याला पेन्सिल बांधलेली आहे.