गुणी खेळाडूला संघाबाहेर ठेवावे का?



शाळेचा संघ निवडताना एक प्रश्न नेहमी येतो. एखादा मुलगा सर्वांत चांगला खेळतो, पण सरावाला वेळेवर येत नाही. त्याला घ्यावे की वगळावे? क्रिकेटपटू पृथ्वी शॉच्या उदाहरणावरून आपण याचा विचार करू.

वापीहून रेल्वेने मुंबईला जाताना विरार लागते. पृथ्वी तेथे वाढला. लहानपणी वडिलांबरोबर लोकलने वांद्र्याला सरावाला जात असे. २०१३ साली हॅरिस शील्ड स्पर्धेत त्याने रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून ५४६ धावा केल्या. २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी राजकोटला पहिल्याच कसोटीत त्याने १३४ धावा काढल्या. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईसाठी आसामविरुद्ध ३७९ धावा केल्या.

अशा फलंदाजाला मुंबईने ऑक्टोबर २०२४ मध्ये रणजी संघातून वगळले. तंदुरुस्ती आणि शिस्त ही कारणे वृत्तपत्रांत आली. पुढच्याच महिन्यात आयपीएलच्या लिलावात त्याला कोणी घेतले नाही. २०२५ मध्ये तो महाराष्ट्राच्या संघात गेला आणि ऑक्टोबरमध्ये चंदीगडविरुद्ध २२२ धावा काढल्या.

मग मुंबईचे चुकले का? आमच्या मते नाही. संघात अकरा जण असतात. बेशिस्त असूनही एकाची जागा पक्की राहिली, तर वेळेवर येणाऱ्या दहा जणांच्या मेहनतीला काय किंमत उरली? त्या खेळाडूचेही त्यात भले नसते. धावा होत असतात तोवर दोष झाकला जातो आणि वाढत जातो.

परंतु मुंबईकडे दुसरे फलंदाज होते आणि पृथ्वीला दुसरा संघ मिळाला. शाळेतल्या मुलाला दुसरा संघ कोठे मिळणार? म्हणून शाळेने त्याला सामन्यातून वगळावे, मैदानातून नव्हे. कारण त्याला समोर बसवून सांगावे, पालकांना कळवावे, आणि परत येण्याची अट व मुदत ठरवून द्यावी. अट पूर्ण केली की मागचे काढू नये.

यात एखादी ढाल हातची जाईल. पालकांनी व विश्वस्तांनी तेवढी तयारी ठेवावी, अशी आमची विनंती आहे. ढाल पुढच्या वर्षी पुन्हा जिंकता येते.

स्वाध्याय
१) तुम्ही कप्तान असता तर अशा मित्राला काय सांगितले असते?
२) संघात परत घेण्यासाठी कोणती अट योग्य ठरेल? कारणासह पाच ओळी लिहा.