मासळीची पाणथरी पाहिली का?

तलावात रोहू, कतला, मृगल मरायला लागले की आपण कल्ले आणि अंगावरचे लाल चट्टे पाहतो. आता पोटही उघडून पाहा.

आतड्यांच्या वेटोळ्यांत पसरलेलं तपकिरी दिसतं ते काळीज. त्याच्याजवळ गर्द लाल, गुळगुळीत, छोटा अवयव असतो, ती प्लीहा, म्हणजेच पाणथरी.

माणसाचं रक्त हाडातल्या मज्जेत बनतं. माशाच्या हाडात तशी मज्जा नसते. ते काम मुख्यतः डोक्यामागचं मूत्रपिंड करतं, थोडंफार प्लीहाही करते. प्लीहेचं दुसरं काम रक्त गाळण्याचं. तिच्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांभोवती जाड आवरण असतं. रक्त त्यातून झिरपतं, जंतू अडकतात आणि तिथल्या पेशी त्यांना गिळतात. आपल्या बारीक जाळ्यासारखंच समजा.

पण पाणी खराब झालं, गर्दी वाढली, प्राणवायू कमी पडला की मासा कमजोर होतो. मग एरोमोनाससारखे जंतू हे जाळं तोडून अंगभर पसरतात. अशा वेळी प्लीहा बहुधा सुजलेली, काळपट दिसते.

फक्त सूज पाहून रोग ठरवू नका, अन् अंदाजाने अँटिबायोटिकही टाकू नका. मासा ताजा मेलेला हवा. सडलेल्यात काही कळत नाही. शक्यतो आजारी पण जिवंत मासे, नाहीतर ताजे मेलेले बर्फात ठेवून, बालाघाटच्या मत्स्य विभागाच्या कार्यालयात दाखवा. मेलेले मासे तलावात राहू देऊ नका, काठापासून दूर पुरा. वेळेत कळलं तर उरलेली मासळी वाचते.