आधी रॅक हलतो का बघ

चि. निलेश यास,

नारळी पौर्णिमेला दांड्यात सगळ्यांसमोर वाडीतलं जुनं इंजिन हँडल मारून चालू करणार आहेस, असं ताईकडून कळलं. पाण्याचा पंप खोललास, इंपेलर साफ केलास, नवी ग्लँड दोरी भरलीस, रंगसुद्धा दिलास. पण इंधनपंप उघडला का विचारलं, तर तू म्हणे, ‘त्याला काही झालेलं नाही.’ माझी झोप उडाली ती त्या एका वाक्याने.

ते इंजिन किर्लोस्करचं एव्ही-१, पाच अश्वशक्तीचं, मिनिटाला १५०० फेऱ्यांचं. त्यात ठिणगी नाही. साडेसोळा पट दाबलेली हवाच इतकी तापते की डिझेल पेटतं. म्हणून ते थांबवायचं तर एरवी डिझेलच तोडावं लागतं, आणि ते काम इंधनपंपातल्या रॅकचं, म्हणजे डिझेल कमीजास्त करणाऱ्या दांडीचं. इंजिन उभं असताना वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची वजनं मिटलेली असतात आणि स्प्रिंग रॅकला पूर्ण डिझेलच्या बाजूला रेटून धरते. तिथेच वर्षानुवर्षं डिझेल सुकून चिकटलं, त्यात दांड्याची खारी हवा, की रॅक धरलाच समज. असं इंजिन पहिल्या हँडलला चालू होतं, टाळ्याही पडतात. मग गव्हर्नर ओढतो, रॅक येत नाही, फेरे चढत जातात. फेरे दुप्पट झाले की फ्लायव्हीलवरचा ताण चौपट होतो. आणि ते बिडाचं आहे, बीड वाकत नाही, फुटतं. भोवती पोरं उभी असणार, बाबा.

तू म्हणशील, बंद केलं तेव्हा ठणठणीत होतं. असेल, रॅक गंजतो तो बंद पडल्यानंतर. म्हणशील, पंपाचा भार इंजिनाला आवरेल. तो भार पंपात पाणी असेल तोवरच. फूट व्हॉल्व्ह गळका निघाला तर पंप रिकामा फिरेल, भार जवळजवळ नाहीसा होईल, आणि इंजिनाच्या जॅकेटला थंड पाणी त्याच पंपातून जातं, तेही बंद. (पाणी विहिरीचंच घे. समुद्राचं जॅकेट आतून खातं.) घाई कशाला? किर्लोस्करवाडीत १९२६ पासून पंप होतायत, किर्लोस्करांचा इंजिनांचा कारखाना १९४६ चा. या इंजिनाचे सुटे भाग अजून मिळतात. रॅक धुऊन घे, बोटाने ढकल, सहज मागेपुढे झाला पाहिजे. तरीही चालू करताना हवेच्या तोंडावर बसेल अशी जाड फळी हाताशी ठेव. इंजिन सुटलंच तर फळीने हवा कोंडायची, हाताने नाही.

फार बोललो. तुझ्या वयात मला यंत्राला हात लावायचीच भीती वाटायची, त्याची हळहळ अजून आहे. तू लावलास याचा आनंदच आहे. पौर्णिमेला मी येतोच, इंजिन चालू होवो न होवो. रॅक हलला की रात्री कितीही वाजता फोन कर. आणि ताईने पाठवलेल्या फोटोत तुझ्या अंगठ्याला पट्टी दिसते. ते कसलं लागलं, मला खरं सांग. तिला नाही सांगणार.

तुझा,
मामा