कुडूसाठी अडीच तोळ्यांचा बाण

कॉटन ग्रीन, मुंबई

चि. भाच्यास,


नामिबियात वॉल्विस बेच्या बंदरातली तुझी मित्रमंडळी जूनमध्ये ओचिवारोंगोकडच्या फार्मवर धनुष्य घेऊन शिकारीला निघालीत आणि तूही त्यांच्याबरोबर जायचं ठरवलंयस, हे परवा फोनवर कळलं. "सत्तर पौंडांचं कुठलं घेऊ?" एवढंच विचारून तू फोन ठेवलास. दुकानदार धनुष्यापासून बोलायला लागतो, कारण दुकानातली महाग वस्तू तीच असते. जाणता शिकारी उलटीकडून येतो. जनावर कुठलं आणि ते किती अंतरावर येणार, हे त्याला आधी हवं असतं. त्यावरून तो पातं ठरवतो, पात्यावरून बाण, आणि तो बाण नीट फेकेल असं धनुष्य सगळ्यात शेवटी बघतो.

आपल्याकडे हा विषय चारचौघांत काढला की लोक दचकतात, आणि ते बरोबरच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं इथं हौसेच्या शिकारीला जागा ठेवलेली नाही. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते काळविटांवर सोडत, तो जमाना गेला. आणि १७ सप्टेंबर २०२२ ला कुनोत सोडलेले आठ चित्ते तुझ्या नामिबियातूनच आले. त्या देशानं वेगळी वाट धरली. १९९६ च्या कायदाबदलानंतर गावकऱ्यांनी आपापल्या भागात संवर्धन क्षेत्रं स्थापन केली आणि तिथल्या वन्यप्राण्यांवर त्यांना हक्क मिळाला. परवान्याच्या शिकारीचा पैसा आणि मांस त्यांच्याकडे जातं. खासगी फार्मचं गणित निराळं, पण मांस तिथंही वाया जात नाही. मामाला जनावर मारायची हौस नाही. पण धनुष्यांच्या दोऱ्या वळण्यात आणि मुलांचे बाण सरळ करण्यात त्याचं आयुष्य गेलंय, तेव्हा निदान सामानाबद्दल त्याचं ऐक.

तुझ्यासारख्या कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या, धनुष्याचं पेटंट मिसूरीच्या हॉलेस ॲलन यांना १९६९ साली मिळालं, आणि ते त्यांनी केलं हरणांच्या शिकारीसाठी. आपल्याकडे मात्र ते पोचलं खेळ म्हणून, आणि मराठी पोरांनी त्यात जगाला मागं टाकलं. ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनमध्ये सातारा जिल्ह्यातली आदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झाले. तुझा हातही त्याच पठडीतला आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय. ५० मीटरवर ८ सेंटिमीटरचं वर्तुळ भेदायला बारीक, हलका, सपाट जाणारा बाण लागतो. तो कागदाच्या लक्ष्यात रुतला की काम झालं. त्याला काही कापायचं नसतं आणि बरगडीतून आरपार जायचं नसतं. लक्ष्य जागचं हलत नाही, आवाजाला बिचकत नाही. स्पर्धेचं सामान उचलून तू तसाच झाडीत शिरलास, तर जनावर जखमी होऊन पळेल आणि तू दिवसभर रक्ताचे थेंब शोधत फिरशील.

आता जनावरं. 'प्लेन्स गेम' म्हणजे हत्ती, सिंह, रेडे सोडून मैदानातली बाकीची. स्प्रिंगबॉक आपल्या काळविटाच्या वजनाचा, चाळीस किलोच्या आतबाहेर. वॉर्टहॉग म्हणजे सुळ्यांचा रानडुक्कर. कुडूचा नर मात्र मोठ्या सांबराएवढा, दोनशे किलोंच्या पुढचा, आणि ओरिक्सही वजनाला त्याच्या जवळपास, शिवाय खांद्यावर जाड कातडं. या सगळ्यांना एकच बाण चालेल असं सांगणारा माणूस विकायला बसलेला असतो.

नामिबियाचा नियम इथं फार कामाचा आहे, कारण तो धनुष्याचे पौंड विचारतच नाही. तो विचारतो बाणाचं वजन आणि बाणातली ऊर्जा. छोट्या जनावरांना २५ फूट-पौंड आणि ३५० ग्रेनचा बाण. स्प्रिंगबॉक, इम्पाला, वॉर्टहॉग यांना ४० फूट-पौंड आणि ४०० ग्रेन. कुडू, ओरिक्स, झेब्रा यांना ६५ फूट-पौंड आणि ४५० ग्रेन. ग्रेनचं माप परकं वाटतं खरं, पण सराफाच्या जुन्या तोळ्यात बरोबर १८० ग्रेन बसतात. म्हणजे कुडूचा बाण अडीच तोळ्यांचा, पात्यासकट. आजीच्या पाटल्या ज्या काट्यावर तोलल्या जायच्या, त्याच काट्यावर हेही तोलता आलं असतं.

ऊर्जा काढायची रीत सोपी आहे. बाणाचं वजन ग्रेनमध्ये घे, वेग फूट प्रतिसेकंदात घेऊन त्याचा वर्ग कर, दोन्ही गुण आणि ४,५०,२४० नं भाग. ४५० ग्रेनचा बाण २६० च्या वेगानं गेला तर साडेसदुसष्ट फूट-पौंड येतात. २५५ वर आला तर ६५ ला निसटता कमी. पाच फुटांच्या फरकानं माणूस नियमाच्या आत-बाहेर होतो. म्हणून वेग मोजायचं यंत्र, क्रोनोग्राफ, धनुष्याच्याही आधी उसना मिळव.

धनुष्याच्या माहितीपत्रकात छापलेला ३३० हा वेगाचा आकडा तुझा नव्हे. तो ३० इंचांच्या ओढीला, ७० पौंडांना आणि ३५० ग्रेनच्या हलक्या बाणाला मोजलेला असतो. तुझी ओढ २८ इंच. इंचामागं साधारण दहा फूट जातात, पौंडामागं दोन, आणि बाण १०० ग्रेननं जड केला की तीसेक. दोरीवरचं पीप, म्हणजे नेम धरायचं भोक, आणि लूप, म्हणजे ओढायचा फास, आणखी थोडा वेग खातात. तुझ्या सध्याच्या ६० पौंडांवर, आणि स्पर्धेत कंपाउंडला तेवढीच मुभा असते, हा अंदाज २५० च्या आसपास येऊन थांबतो. कुडूच्या नियमाला थोडंसं कमी. ६५ पौंडांवर गेलास की पुरेसं होतं. सत्तर लागत नाहीत. खुर्चीवर बस, पाय जमिनीपासून उचल आणि धनुष्य आभाळाकडे न नेता सरळ मागं ओढून बघ. ज्या वजनावर ते होत नाही, ते वजन तुझं नव्हे. थंडीत चार तास अवघडून बसल्यावर सत्तर पौंड ओढताना हात हवेत झोकावा लागतो, आणि तेवढी हालचाल कुडूला पुरते. खरं सांगायचं तर पहिल्या खेपेला स्प्रिंगबॉक आणि वॉर्टहॉगवर समाधान मान. त्यांच्यासाठी तुझ्या आहे त्या धनुष्याची ताकद पुरून उरते, फक्त बाण बदल.

पात्यावर मात्र हात आखडू नकोस. बाण बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्यानं मारत नाही. तो कापतो, आणि रक्त गेल्यानं जनावर पडतं. म्हणून धार हेच खरं हत्यार. बाजारात दोन जाती आहेत. एकात पाती पक्की बसवलेली असतात, दुसऱ्यात ती मिटलेली असून लागताच उघडतात. उघडणारी पाती हवेत सुरेख जातात, सरावाच्या टोकाइतकी सरळ, म्हणून नवखे त्यांच्यावर भाळतात. पण उघडायला जी ताकद खर्च होते ती बाणाच्याच गाठीतली असते, आणि तुझ्याकडे ती मोजून मापून आहे. कुडू-ओरिक्ससाठी पक्कं पातंच घे, दोन किंवा तीन धारांचं, भक्कम पोलादाचं. धार तपासायला रबरबँड दोन बोटांत हलका ताणून पातं त्यावर नुसतं टेकव. टेकताच तुटला तर ठीक. दोनदा घासावं लागलं तर ते पातं सरावाच्या डबीत टाक. नव्या पाकिटातली पातीही अशीच तपासायची. कारखान्यातून सगळी सारखी येत नाहीत.

पक्क्या पात्याची एक खोड आहे. बाणाच्या पुढे त्याचे छोटे पंखच तयार होतात, आणि धनुष्य नीट जुळवलेलं नसेल तर ते बाणाला भलतीकडे नेतात. २० मीटरवर सरावाच्या टोकाचा आणि पात्याचा बाण एकाच ठिकाणी लागेपर्यंत बाणाच्या टेकूची जागा केसाकेसानं सरकवावी लागते. बाणाचा ताठपणा, स्पाइन म्हणतात तो, वाढलेल्या पौंडांना आणि पुढच्या जड टोकाला साजेसा निवडावा लागतो. तुझे स्पर्धेचे बाण ६५ पौंडांवर फार वाकतील. शेपटाची पिसंही जरा मोठी घे. हे काम एका संध्याकाळचं नाही. जूनला सामान हवं असेल तर मार्चमध्ये हातात पाहिजे. आणि सराव किनाऱ्यावर नको. वॉल्विस बेच्या खाजणात शिवडीसारखेच फ्लेमिंगो उतरतात हे छानच आहे, पण तिथलं धुकं आणि वारा पात्याच्या बाणाचा काही म्हणजे काही हिशोब लागू देणार नाहीत.

स्प्रिंगबॉक आणि इम्पाला यांच्या कानांशी तुझी खरी गाठ आहे. बाण सेकंदाला ऐंशीएक मीटर जातो, आवाज तीनशे चाळीस. २० मीटरवर बाण पाव सेकंद घेतो, दोरीचा आवाज त्याच्या चौथा हिस्सा. उरलेल्या वेळात बिचकलेलं जनावर उडी घ्यायला पाय दुमडतं आणि त्याचं अंग सहज वीतभर खाली जातं. बाण पाठीवरून निघून जातो. यावर वेगवान धनुष्य घेणं हा लोकांचा उपाय. मामाचा उपाय निराळा: शांत धनुष्य. जड बाणानं आवाज कमी होतो, दोरीवर रबराचे गोंडे आणि पुढे दांडीचा स्टॅबिलायझर लावला की आणखी कमी. आणि ३० मीटरच्या पुढं बाण सोडायचाच नाही, मग स्पर्धेत कितीही दहा मारलेले असोत.

बसायची जागा बहुधा पाणवठ्याजवळची झोपडी असेल, आत काळोख आणि समोर लहानशी खिडकी. म्हणून चट्ट्यापट्ट्यांचे जंगली कपडे आत उपयोगाचे नाहीत. काळा किंवा गडद शर्ट घे, हातमोजेही काळे. दोरीतलं पीप स्पर्धेतल्यापेक्षा मोठ्या भोकाचं लाव, नाहीतर संधिप्रकाशात काहीच दिसणार नाही. भिंगाच्या साईटऐवजी चमकत्या धाग्याच्या पिनांची साईट बरी; तीन पिना, २० ते ३० मीटर, चौथीचा मोह नको. धनुष्याची लांबीही तपास: स्पर्धेचं लांब धनुष्य खिडकीच्या चौकटीला आपटतं. ओढ धरून ठेवताना ऐंशी टक्के वजन सुटणारं धनुष्य घेतलंस, तर ६५ पौंडांतले तेरा पौंडच हातावर राहतील आणि कुडू आडवा वळेपर्यंत वाट बघता येईल.

तो आडवा, किंवा किंचित तिरका पाठमोरा, उभा राहीपर्यंत वाटच बघायची. आफ्रिकेतल्या या जनावरांचं काळीज आणि फुप्फुस अमेरिकन हरणांच्या चित्रांत दाखवतात त्याहून पुढं आणि खाली असतं. पुढच्या पायाच्या रेषेत वर ये, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर थांब. समोरून कधीच नाही. तिथल्या फार्मांवर रीत अशी, की रक्त सांडलं आणि जनावर हाती लागलं नाही तरी त्याचे पूर्ण पैसे भरायचे. रीत मामाला पटते. सोबत नोंदणीकृत मार्गदर्शक असेलच. तो "थांब" म्हणाला की थांबायचं, तुझ्याहून वयानं लहान असला तरी.

शिंगं, कातडी इकडे आणायचा विचारही करू नकोस. आपल्या कायद्याच्या कचाट्यात सापडशील, आणि तुझी आई ती वस्तू घरात ठेवणार नाही हे वेगळंच. तिला तू अजून काही सांगितलेलं दिसत नाही. ते काम मामाच्या गळ्यात टाकू नकोस. फोन करून तूच सांग.

राहता राहिली दोरी. परक्या मुलखात, जवळपास दुकान नसताना कंपाउंडची दोरी तुटली तर ती बदलायला धनुष्य दाबून धरणारा प्रेस लागतो, त्यामुळे जायच्या आधीच नवी चढवून शंभरेक बाणांत ताणून घ्यायची आणि पीप, लूप पुन्हा जागेवर आणायचे. तुझ्या धनुष्याच्या दोरीची आणि केबलची लांबी कंपनी धनुष्याच्या फांदीवर चिकटवलेल्या पट्टीवर छापते. त्या पट्टीचा स्वच्छ फोटो पाठव. सोबत क्रोनोग्राफचे आकडे, पात्यासकट बाणाचं वजन आणि पूर्ण ओढलेल्या अवस्थेतला बाजूनं घेतलेला तुझा फोटो. एवढं हाती आलं की दोरी वळायला घेतो. धागा घरात आहे, रंग मात्र काळाच मिळेल.

तुझा,
मामा