आजचं चिंतन : धीर कुठे धरायचा?



कालच्या चिंतनात आपण दासबोधातल्या विवेकाबद्दल बोललो. त्यावर एका वाचक मैत्रिणीने छान प्रश्न विचारला : "धीर धर, असं सगळेच सांगतात. पण नक्की कुठे धरायचा, ते कोणीच सांगत नाही!" याचं उत्तर मला एका माशाने शिकवलं, आणि त्याची किंमत त्यानेच मोजली.

मी इथे न्यू जर्सीत राहतो. घरात खाऱ्या पाण्याची छोटी टाकी आहे, प्रवाळ आणि मासे असलेली. दोन वर्षांपूर्वी एक क्लाउनफिश कुरिअरने मागवला. पिशवी घरी आली, मी लगेच उघडली. आणि मग अगदी "धीराने", बारीक नळीतून थेंब थेंब करत टाकीचं पाणी त्यात सोडत दोन तास बसलो. मनात समाधान, की आपण किती हळुवार वागतोय! संध्याकाळपर्यंत मासा गेला.

चूक नंतर कळली. बंद पिशवीत मासा रात्रभर श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच खाली येतो. माशाने शरीराबाहेर टाकलेला अमोनियाही साठत असतो, पण कमी पीएचमध्ये तो बराचसा कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे ज्या दोन तासांना मी धीर समजत होतो, ते दोन तास तो मासा विषात पोहत होता.

मग धीर कुठे धरायचा होता? पिशवी उघडायच्या आधी.

विक्रेत्याला त्याच्या पाण्याची क्षारता विचारायची. वेगळ्या, क्वारंटाइनच्या छोट्या टाकीत तेवढ्याच क्षारतेचं पाणी तयार ठेवायचं. बंद पिशवी 15-20 मिनिटं त्यात तरंगत ठेवायची, म्हणजे तापमान सारखं होतं. मग पिशवी उघडून मासा लगेच आत सोडायचा. पिशवीतलं पाणी मात्र टाकीत ओतायचं नाही. क्षारता नंतर काही दिवसांत हळूहळू वाढवायची, आणि निदान चार आठवडे आजाराची लक्षणं दिसतात का ते बघायचं. (जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाची गोष्ट वेगळी. तिथे थेंब थेंब पद्धत चालते.)

गेल्या महिन्यात जुन्या 75 लिटरच्या टाकीतून सगळं बिऱ्हाड 280 लिटरच्या नव्या टाकीत हलवलं. या वेळी तीन गोष्टी पाळल्या.

1. आधी घर, मग पाहुणे. मिठाचं पाणी आधीच कालवून ठेवलं. विशिष्ट गुरुत्व 1.025, तापमान 25-26 अंश. अमोनियाचं रूपांतर करणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते दगडांवर राहतात. म्हणून जुने दगड हीटर आणि पंप लावलेल्या बादलीत, पूर्ण पाण्याखाली ठेवूनच हलवले. ते सुकले असते, तर जिवाणू मेले असते आणि टाकीला पुन्हा चार-सहा आठवडे लागले असते. जुनी वाळू मात्र घेतली नाही. ती ढवळली की तळाशी साठलेली घाण पाण्यात मिसळते.

2. प्रकाश जपून. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याच्या अन्नावर प्रवाळ जगतो. नव्या दिव्याचा प्रखर प्रकाश एकदम पडला, तर प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. म्हणून दिवा आधी मंद ठेवला, दोन-तीन आठवड्यांत थोडा थोडा वाढवला. प्रवाळ हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. झोअँथिड जातीच्या काही प्रवाळांत फार घातक विष असतं.

3. मासे शेवटी. मासे आत सोडले आणि त्या दिवशी दिवे बंदच ठेवले. खाणं कमी, आणि पहिले दोन आठवडे रोज अमोनियाची तपासणी.

सगळे जगले. रात्री अंधारात टाकीसमोर बसलो होतो, तेव्हा तो पहिला मासा आठवला. त्याला माझा वेळ मिळाला होता, पण माझी समज मिळाली नव्हती.

भारतातल्या मित्रांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. त्यामुळे मालवणला फिरायला गेलात तर "फक्त एक तुकडा" म्हणूनसुद्धा उचलू नका. कधी कधी जिवाला न हलवणं हीच सगळ्यात मोठी काळजी असते.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : धीर तयारीत धरायचा, आणि क्षण आला की उशीर करायचा नाही. नुसतं हळू चालणं म्हणजे धीर नव्हे. समोरच्या जिवाला आत्ता काय हवंय, हे ओळखणं म्हणजे विवेक. घरात नवीन आलेली सून असो, ऑफिसातला नवा मुलगा असो, की हॉस्टेलवर पहिल्यांदा गेलेला धाकटा भाऊ; तो येण्याआधी आपण आपलं पाणी तपासलंय का?

आजचा संकल्प : आज एका माणसासाठी, त्याने मागायच्या आधी, एक तयारी करून ठेवायची.

राम कृष्ण हरी! 🙏