नाटकाने सभाधीटपणा कसा येतो?



सभाधीटपणा म्हणजे चारचौघांत न भिता बोलता येणे. तो नुसता स्नेहसंमेलनापुरता लागत नाही. गणित समजले नाही तर "गुरुजी, पुन्हा सांगा" म्हणायला लागतो. एसटीत कंडक्टरकडे राहिलेले सुटे पैसे मागायलाही लागतो. ज्याचे तोंडच उघडत नाही त्याची शंका तशीच राहते, आणि मग पुढचा धडाही कळेनासा होतो.

भीती वाटते ती दोन गोष्टींची. एक, पाठ केलेले विसरेल. दुसरी, आपली घरची बोली ऐकून कोणी हसेल. या दोन्हींवर जुन्या नाटकवाल्यांकडे उपाय आहे.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीला 'सीतास्वयंवर' हे नाटक केले. त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळतात. त्या नाटकात सूत्रधार पदे म्हणून कथा पुढे नेई आणि पात्रे प्रसंग ओळखून आपल्याच शब्दांत बोलत. कोकणातले दशावतारी आजही तसेच करतात. कथा आधी ठरते, संवाद उभे राहिल्यावर सुचतात. पाठांतरच नाही, तर विसरणार काय?

आम्ही याच रीतीने 'आग्र्याहून सुटका' (सन १६६६) हा प्रसंग वर्गात केला. बाक मागे सरकवले. भाकरीच्या टोपल्या झाल्या पेटारे, आणि हिरोजी फर्जंदाला पांघरायला घरची गोधडी आणली. ज्याचे वाचन चांगले तो सूत्रधार. तो पुस्तकातून वाचतो आणि प्रसंग आला की थांबतो, मग पात्रे बोलतात. कोणी अडलेच तर तो पुढचे वाक्य वाचून सांभाळून घेतो.

आमच्यात एक मुलगा हजेरीला "हजर" म्हणायचा तेही शेजाऱ्याला ऐकू जायचे नाही. पहिल्या दिवशी त्याला भोई केले. पेटारा उचलायचा, बोलायचे काही नाही. हात कामात गुंतले म्हणजे थरथर दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याने विचारले, "काय रं, पेटाऱ्यात काय हाय?" त्याने एकच शब्द बोलायचा होता, "मिठाई." तो बोलला. पहारेकरी मीच होते. तिसऱ्या दिवशी मी ठरलेले नसताना विचारले, "कुणासाठी?" सगळा वर्ग गप्प. तो म्हणाला, "फकिरास्नी वाटायला. म्हाराज आजारी हायेत न्हवं? तुमास्नी बी देऊ का वाईच?"

सारा वर्ग हसला. पण ते हसू त्याला नव्हते, त्याच्या उत्तराला होते. हा फरक त्यालाही कळला. पुढच्या आठवड्यात भागाकार चालू असताना त्याने हात वर केला आणि म्हणाला, "गुरुजी, बाकी कुठनं आली ते न्हाय कळलं." गुरुजींनी गणित पुन्हा सोडवले. खरे सांगायचे तर ते आणखी चार-पाच जणांनाही तेव्हाच कळले.

तुम्हीही करून पाहा :
(१) धड्यातला एकच लहान प्रसंग घ्या.
(२) भित्र्या मुलाला आधी हातांचे काम द्या, मग एक शब्द, मग एक प्रश्न.
(३) घरच्या बोलीत बोलू द्या. पुस्तकी भाषा सूत्रधाराकडे असतेच.
(४) एकाच मुलाला रोज राजा करू नका.
(५) कोणी चुकले तर प्रसंग थांबवू नका. सूत्रधार पुढे नेईल.

आता पालकांना दोन शब्द. "पोरीला नाटकात कशाला?" असे म्हणू नका. भाव्यांच्या काळी बायकांची कामेसुद्धा पुरुषच करीत. आता मुलगी पहारेकरी होते आणि सगळे पेटारे अडवते. तिला उद्या दवाखान्यात, बँकेत, पंचायतीत स्वतः बोलायचे आहे. त्याची सवय इथेच होऊ द्या.

आणि आमचे नाटक बघायला जरूर या. फक्त मध्येच "अगं, मोठ्यानं बोल की!" असे ओरडू नका. थोडा वेळ द्या, आवाज आपोआप मोठा होतो.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी