नंदा खरे यांची ‘उद्या’ कशासाठी वाचायची?

पुतणी : काका, ‘उद्या’ अर्ध्यावर सोडली. कुणाच्या मागे जायचं तेच कळेना. नायक कुठाय यात?

काका : नायक शोधत बसलीस म्हणून अडलीस. खरे स्थापत्य अभियंते. त्यांनी एका माणसाची गोष्ट नाही, सगळी व्यवस्थाच मांडली. बड्या कंपन्या, माणसांवरची पाळत, जंगलातले आदिवासी, घटलेल्या मुली. एकटा नायक कुठे कुठे पुरेल?

पुतणी : बरं, पटलं. पण लोअर परळच्या ऑफिसात मी रोज हेच करते. कोण कुठली जाहिरात किती वेळ बघतो, त्याची नोंद.

काका : लोअर परळ! गिरण्यांचं गाव होतं ते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि कामगार देशोधडीला लागला. फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला.

पुतणी : काका, विषय कादंबरीचा चाललाय.

काका : मग मी कशाबद्दल बोलतोय? गिरणीत घाम विकला जायचा, पण कामगाराला मालक ठाऊक असायचा. आता माणसाचं लक्ष विकलं जातं आणि त्याला पत्ताही नसतो. खऱ्यांचा उपहास त्यावर आहे.

पुतणी : पण उपहासही शेवटी मालच ना? व्यवस्थेची खिल्ली उडवणाऱ्या जाहिराती आम्हीच बनवतो.

काका : शंका रास्त आहे. व्यवस्था उपहासालाही बक्षीस देते. माध्यमांत बुडालेल्या समाजावरची डॉन डिलिलो यांची ‘व्हाइट नॉइज’ ही कादंबरी १९८५ची. तिला त्याच वर्षी अमेरिकेचा राष्ट्रीय पुस्तक पुरस्कार मिळाला. ‘उद्या’ला २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, पण खऱ्यांनी तो नाकारला. समाजानं भरपूर दिलंय, आणखी घेणं बरं नाही, ही त्यांची भूमिका.

पुतणी : तरी पुस्तक विकत घ्यावंच लागतं. माझा प्रश्न तिथेच राहिला.

काका : राहू दे. पुस्तक विकलं जाणारच. पण तुमच्या जाहिरातीतला विनोद हसवून खरेदीला धाडतो. ‘उद्या’ वाचून तू ऑफिसात विचारशील, ही नोंद कुणासाठी, कुणाच्या परवानगीनं?

पुतणी : आणि नोकरी गेली तर?

काका : ती भीती खोटी नाही, मी तिला उत्तर देऊ शकत नाही. पण न वाचता राहण्याचं ते कारण होत नाही. खरे २०२२ साली गेले. त्यांनी दाखवलेली पाळत आज तुझ्या पगाराचं काम झालीय. लोकांवर नजर ठेवणं हाच ज्यांचा धंदा, त्यांनी तरी ‘उद्या’ शेवटपर्यंत वाचलीच पाहिजे.